जुना कॉम्प्युटर भंगारात घालू का? आणि हे मशीन खरंच किती लाईट खातं?

तापीकाठ (भुसावळ)
रविवार, रात्री १०:१२

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घरी २०१३ चा डेस्कटॉप आहे, इंटेलचा आय-फाइव्ह थर्ड जनरेशन प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १८.५ इंची मॉनिटर. पोरगा बारावीला, त्याचे लेक्चर त्याच्यावरच, माझे केळीचे हिशोब त्याच्यावरच, आणि दुपारी आमच्या मंडळींचं, म्हणजे बायकोचं, यूट्यूब. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून मधूनमधून मेसेज येतो, ११ टाकायला गेलो तर म्हणे तुमचा पीसी त्यात बसत नाही. दुकानात नेला तर त्या पोराने कव्हरही न उघडता सांगितलं, काका याच्यात आता काही राम राहिला नाही, नवीन घेऊन टाका, जुन्याचे आठशे देतो. आठशे! अहो नुसत्या मॉनिटरचे तेव्हा साडेसहा हजार मोजलेत मी.

आता खरी गोष्ट. आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसतात. लहानपणी रुळाच्या कडेला बसून कोळशाच्या मालगाडीचे डबे मोजायचो, तेव्हा वाटायचं हा एवढा कोळसा कुठल्यातरी मोठ्या कारखान्याला लागत असेल. परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर पोरगा झोपलेला, मशीन चालू, स्क्रीनवर ते रंगीत फुगे फिरताहेत. तिथेच डोक्यात किडा वळवळला की या फुग्यांसाठी किती कोळसा जात असेल. कोणी हिशोब केलाय का? आणि नवीन घेतला तर लाईट कमी खाईल म्हणून घ्यावा, की जुनाच रेटावा?

एसएमपीएस (जळगाव)
रविवार, रात्री १०:४०

काका घेऊ नका. मी गोलाणी मार्केटात दहा वर्षं रिपेरिंग केलंय, आय-फाइव्ह थर्ड जनरेशन म्हणजे अजून धडधाकट बैल आहे, त्याला फक्त ओझं जास्त झालंय.

आधी कव्हर उघडा. मागे धरणगावच्या एका जिनिंगमधून ऑफिसचा पीसी आला होता, "आपोआप बंद पडतो" अशी तक्रार. उघडला तर प्रोसेसरचा फॅन दिसेचना, त्याच्यावर रुईची गादी, अक्षरशः उशी भरता आली असती. आत उष्णता कोंडली की फॅन जीव तोडून फिरतो, प्रोसेसर स्वतःला हळू करून घेतो, मालक म्हणतो मशीन म्हातारं झालं. अर्धा इंची पेंटिंग ब्रश घ्यायचा, फॅनचं पातं बोटाने धरून ठेवायचं (नाहीतर ब्लोअरच्या हवेने गरगर फिरून बेअरिंग जातं), धूळ काढायची, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) बदलायची. पेस्ट दहा वर्षांत वाळून खडूसारखी झालेली असते. मग हार्ड डिस्क काढून २५६ जीबीचा एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाका, आणि ११ बसत नाही तर विंडोजऐवजी लिनक्स टाका, ती फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आहे. बस. मशीन पळतं की नाही बघा.

आणि ते फुगे बंद करा हो! स्क्रीनसेव्हर हा जुन्या डबडा मॉनिटरवर, म्हणजे सीआरटीवर, एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून होता. त्याने लाईट एक पैशाची वाचत नाही. स्क्रीन बंद व्हायचं सेटिंग पाच मिनिटांवर आणि स्लीप पंधरा मिनिटांवर टाका.

गिरणाकाठची (चाळीसगाव)
सोमवार, सकाळी ७:५५

छान धागा. हिशोब मी मांडते, नोकरीत हेच करते मी, पण ढोबळ आहे बरं का, कोणी दशांशावरून भांडू नका.

एक युनिट कोळशावर बनवायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. आणि देशातली सगळी वीज एकत्र धरली, म्हणजे पाणी, वारा, सोलर, अणू धरून, तरी एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता काका तुमचं मशीन, मॉनिटर सगळं मिळून ८० वॅट धरा. दिवसाला १६ तास चालू राहिलं तर सव्वा युनिटच्या वर, महिन्याला ३८ युनिट, म्हणजे २७ किलो कार्बन. खरं काम किती तास? चार-पाच. बाकीचे फुगे.

दुसरी बाजू, जी लोक विसरतात. कॉम्प्युटर बनवतानाच भरपूर कार्बन खर्च झालेला असतो, चिप, मदरबोर्ड, स्क्रीन यांच्या कारखान्यांत. कंपन्या स्वतः जे कागद साईटवर टाकतात त्यात साध्या लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्याचा आकडा दोनशे-तीनशे किलोच्या घरात दिसतो आणि त्यातला मोठा वाटा तो आपल्या हातात येण्याआधीचाच असतो. आता बघा, तुम्ही ८० वॅटचा डेस्कटॉप टाकून २० वॅटचा नवाकोरा लॅपटॉप घेतला, रोज पाच तास वापरला, तर महिन्याला नऊ युनिट वाचतील, म्हणजे सहा-साडेसहा किलो. बनवण्याचे दोनशे किलो धरले तर ते फिटायलाच अडीच-पावणेतीन वर्षं. आणि रात्रभर चालू ठेवायची सवय मोडली तर पहिल्याच महिन्यात त्याच्या तिप्पट वाचतं, तेही फुकटात.

म्हणून आधी सवय, मग मशीन. आणि मशीन खरंच मेलं तर कंपन्यांतून निघालेला वापरलेला लॅपटॉप घ्या, तो बनवण्याचा कार्बन आधीच होऊन गेलाय. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा, तो विंडोज ११ ला चालतो.

बबन्या (साक्री)
सोमवार, सकाळी ११:२०

राम राम भाऊसहोन. तुमना कोळसानं माले काही माहित नही, पन आमना साक्रीले शिवाजीनगरना १२५ मेगावॅटना सोलर शे, आनि डोंगरवर पवनचक्क्या फिरी राहिन्यात. मंग मना कॉम्प्युटर उनवर आनि वारावर चालस असं समजू का? म्हंजे मी रातभर गेम खेयाले मोकया!

ओहम (धुळे)
सोमवार, दुपारी १:०५

@बबन्या, रात्री ऊन कुठून आणशील भो.

गंमत सोड, तारेत सगळी वीज एकच होते, साक्रीची वेगळी आणि दीपनगरची वेगळी अशी चाळणी नाही. उलट रात्री सोलर शून्य, तेव्हा कोळसावाल्यांवरच भार. त्यामुळे जड कामं, व्हिडिओ रेंडर, मोठे डाऊनलोड, बॅकअप, हे दुपारी केलेले बरे. घरावर सोलर असेल तर अजूनच बरं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, पण कॉम्प्युटरसाठी कोणी सोलर लावत नाही हे मलाही कळतं, तो कूलर-फ्रीज-मोटरसाठी लावायचा, कॉम्प्युटर त्यात फुकट बसतो.

आणि एक आपल्याकडचं. आत गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत ८० वॅटचं मशीन म्हणजे खोलीत जुना पिवळा बल्ब लावून ठेवल्यासारखं. एसी असेल तर ती उष्णता बाहेर फेकायला तो वेगळी लाईट खातो. आणि कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, ओली हवा आणि धूळ दोन्ही आत, मदरबोर्डवर चिखलच होतो.

चोपडा_सेवा
सोमवार, रात्री ९:३०

आमचं सेवा केंद्र आहे, तीन पीसी, एक लेझर प्रिंटर, एक स्कॅनर, एक झेरॉक्स. वाचायला बरं वाटतं हे सगळं पण लिनक्स-बिनक्स आमच्याकडे चालत नाही, अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर आणि सहीचं डोंगल विंडोजशिवाय हलत नाही. दोन जुन्या पीसीला विंडोज १० चं वर्षभराचं वाढीव अपडेट घेतलंय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. नंतर बघू.

प्रिंटरचं मात्र सांगतो. लेझर प्रिंटरमधला रोलर तापवायला लाईट ओढतो, त्या क्षणाला पंखा हळू होतो आमच्याकडे, इन्व्हर्टर तर कुंथतोच. आधी एकेक कागद आला की एकेक प्रिंट द्यायचो, आता पाच-सहा गिऱ्हाइकांचं जमवतो आणि एका दमात काढतो. माणसं चहा पितात तोवर. कोरी पाठ असलेले कागद आतल्या वापराला. आणि आता सहीवाला डिजिटल सातबारा मिळतो तरी म्हातारी माणसं म्हणतात "मोबाईलमधला नको, कागदच दे बाबा, पिशवीत राहिला म्हणजे बरं वाटतं." त्यांना काय सांगणार, मी देतो.

तापीकाठ (भुसावळ)
शनिवार, रात्री ८:४५

मंडळी, आठवडाभर गायब होतो कारण मी एक उद्योग केला. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मागवलं, सातशे-आठशेला आलं, म्हणजे दुकानदार जेवढे पीसीचे देत होता तेवढ्यात. मंडळी म्हणाल्या, लाईट वाचवायला खर्च करणारा पहिला माणूस बघितला. ऐकून घेतलं.

भिंतीतल्या प्लगला मीटर, मीटरला यूपीएस (लाईट गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा), यूपीएसला सगळं. नुसतं चालू, काही काम नाही, ८२ वॅट. फुगे फिरताना ८४! म्हणजे फुग्यांना वरून दोन वॅट जास्तच. स्क्रीन बंद केली की ६५. मग स्पीकरचा प्लग काढला तर आणखी ६ कमी, गाणं वाजत नसताना सहा वॅट कशाला खातो तो, देव जाणे. मग मशीन स्लीपला टाकलं, १४ वर आलं. मग पूर्ण शटडाऊन केलं, तरी ११! मी म्हटलं मीटर बिघडलं. पोराला बोलावलं, त्याने मान हलवली आणि यूपीएसचं बटन दाबलं. शून्य.

म्हणजे तो काळा डबा आमच्या टेबलाखाली बारा वर्षं चोवीस तास ११ वॅट खात बसला होता, महिन्याला आठ युनिट, कॉम्प्युटर बंद असताना. घरातले आम्ही सगळे "शटडाऊन केलंय" म्हणून निवांत. आता भिंतीवरचं बटनच बंद करतो, त्याच्यावर केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून "झोपताना मी" असं लिहून चिकटवलंय.

कव्हरही उघडलं. रुई नाही निघाली, पण एक मेलेली पाल निघाली. फॅनखाली. वाळून कागद झालेली. मंडळींनी तेव्हापासून यूट्यूब बघायचं सोडलंय.

एसएमपीएस (जळगाव)
शनिवार, रात्री ९:०२

पाल हा आमचा नेहमीचा गिऱ्हाईक, मागच्या पट्ट्या काढून लोक तसंच उघडं ठेवतात आणि ती गरम जागा शोधत आत जाते. स्लॉटच्या पट्ट्या लावा.

यूपीएसचं बरोबर सांगितलंत पण एक लक्षात असू द्या, महिनोन् महिने बंद ठेवला तर बॅटरी उतरून मरते, आठवड्यातून एकदा तरी चार्ज होऊ द्या. आत १२ व्होल्ट ७ एएचची शिशाची बॅटरी असते. शिशाच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दहा डिग्रीने वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून आपल्याकडे दोन उन्हाळ्यांत बॅटरी जाते आणि पुण्याचा पाहुणा सांगतो आमची चार वर्षं चालली. खिडकीखाली, उन्हाच्या भिंतीला ठेवू नका. नवीन घेताना जुनी दुकानात जमा करा, पैसे कापून देतात. भंगारात फोडायला देऊ नका, आतलं ॲसिड गटारीत ओततात ते.

धुळेकर_पुण्यात
रविवार, दुपारी १२:१५

तुम्ही लोक दहा-अकरा वॅटवरून कीस पाडताय, तिकडे एआयचे डेटा सेंटर अख्खी गावंच्या गावं लाईट पिताहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा आहे, २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी ४१५ टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) वीज वापरली, जगाच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल. आपण सगळे दिवसभर चॅटबॉटला "आज भाजी काय करू" विचारतो. डार्क मोड (स्क्रीनची काळी पार्श्वभूमी) लावून पृथ्वी वाचत नाही भावांनो.

गिरणाकाठची (चाळीसगाव)
रविवार, दुपारी ३:३०

दादा, आकडे बरोबर आहेत पण दोन्ही तागड्यांत घालून बघा ना. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या जेमिनीला मजकुराचा एक साधा प्रश्न विचारला की ०.२४ वॅट-तास लागतात. कंपनीचंच तोंड आहे, ट्रेनिंगचा खर्च त्यात नाही, व्हिडिओ-चित्रांचा वेगळा, सगळं मान्य. तरी काकांचं मशीन रात्रीचे दहा तास फुगे फिरवत बसलं तर ८४० वॅट-तास. म्हणजे एका रात्रीत साडेतीन हजार वेळा "भाजी काय करू". एवढं विचारूनही तुमच्याकडे शेवभाजीच होणार, ते सोडा.

डेटा सेंटरवर आपला ताबा नाही, टेबलाखालच्या डब्यावर आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलतोय. दुसरीकडचं थांबवायचं असेल तर कंपन्यांना जाब विचारणारे कायदे लागतील, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.

डार्क मोडचं मात्र खरं, साध्या एलसीडी-एलईडी मॉनिटरला त्याने जवळपास काही फरक पडत नाही, मागचा दिवा जळतच असतो. मोबाईलसारखी ओएलईडी स्क्रीन असेल तरच. त्यापेक्षा ब्राइटनेस कमी करा, मॉनिटर कंपनीतून बहुतेक वेळा चढ्या ब्राइटनेसवर येतो आणि आपण तो जन्मभर तसाच ठेवतो.

सातपुड्याची_बाई (धडगाव)
रविवार, रात्री ८:१०

मी शिक्षिका आहे. एक विनंती, रागावू नका. "जुना झाला, एखाद्या आदिवासी शाळेला देऊन टाकू" असं पुष्कळ जण म्हणतात. गेल्या वर्षी आमच्याकडे असेच सहा सीपीयू आले, टेम्पोने, हार घालून फोटो काढून. दोन चालू होते. एकाला मॉनिटर नाही, एकाची केबल नाही, दोघांच्या हार्ड डिस्क गेलेल्या, आणि एकात देणाऱ्याचे घरचे लग्नाचे फोटो, बँकेची कागदपत्रं, सगळं तसंच. मी स्वतः बसून पुसलं, दुसऱ्या कोणाच्या हातात पडलं असतं तर? आता चार मेलेले डबे वर्गाच्या कोपऱ्यात आहेत आणि भंगाराची जबाबदारी आमची झाली.

द्यायचंच असेल तर चालू करून बघा, हार्ड डिस्क पूर्ण पुसा, केबल, माऊस सोबत द्या, आणि शक्यतो लॅपटॉप द्या कारण लाईट गेली की डेस्कटॉप घेऊन आम्ही काय करणार. त्या दोन चालू मशीनवर एका माजी विद्यार्थ्याने लिनक्स मिंट टाकून दिलंय. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. पोरं त्याच्यावर पावरीत (इकडची आदिवासी बोली) गोष्टी टाईप करतात, त्यांना विंडोज आणि लिनक्समधला फरक माहीतच नाही, म्हणून तक्रारही नाही.

रिकामटेकडा_सोनार (जळगाव)
सोमवार, सकाळी १०:५०

बाई, तुमचं वाचून लाज वाटली, मीही असाच एक देणार होतो.

आमचा धंदा सोन्याचा, त्यामुळे मला कायम कुतूहल की मदरबोर्डमध्ये सोनं असतं म्हणतात ते खरं का. खरंच असतं, रॅमच्या पिवळ्या दातांवर, कनेक्टरवर. टनाच्या मापात बघितलं तर खाणीतल्या दगडापेक्षा सर्किट बोर्डात सोनं कितीतरी जास्त. पण ते नीट काढायचं तर कारखाना लागतो. आपल्याकडे भंगारवाल्याकडून पुढे जातं तिथे कोणीतरी पोरगा उघड्यावर ॲसिडात बोर्ड बुडवतो आणि तांब्यासाठी वायरी जाळतो. गावाबाहेर नाल्याकडेला संध्याकाळी काळा धूर आणि तो कडवट वास, ज्याने घेतलाय तो विसरत नाही. जळतं ते पीव्हीसी, आणि त्यातून डायऑक्सिन निघतं. जुन्या डबडा मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, कॉपर कॉइल काढायला तो फोडतात आणि काच तिथेच फेकतात.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झालेला २२.३ टक्के. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकलीय. म्हणजे तुमच्या मॉनिटरवर ज्या कंपनीचं नाव त्यांच्या साईटवर जुना माल परत द्यायचा फॉर्म बघा, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साईटवर नोंदणीकृत रिसायकलरची यादी आहे. एका माणसाच्या एका डब्यासाठी कोणी गाडी पाठवत नाही हा मात्र अनुभव. सोसायटीचं, गल्लीचं मिळून पोतंभर जमवा मग फोन करा.

बबन्या (साक्री)
सोमवार, दुपारी २:००

सोनार भाऊ, मनाकडे चार जुन्या रॅम शेतीस. मंगयसूत्र व्हई का?

रिकामटेकडा_सोनार (जळगाव)
सोमवार, दुपारी २:२०

मण्याला दोरा तुझा तूच आण.

तापीकाठ (भुसावळ)
रविवार, रात्री ९:३५

शेवटचं लिहितो, म्हणजे माझ्यापुरतं. पोराने आणि मी मिळून एसएसडी टाकला, पेस्ट बदलली (पहिल्यांदा जास्त लावली, बाजूने श्रीखंडासारखी बाहेर आली, पुसून परत), आणि लिनक्स मिंट टाकलं. पोराचे लेक्चर ब्राउझरमध्ये चालतात, चालू व्हायला आधी साडेतीन मिनिटं लागायची, आता वीस-पंचवीस सेकंद. नुसतं चालू असताना मीटर ६६ दाखवतं, त्यात निम्मी कमाई ब्राइटनेस आणि स्पीकरची आहे, खोटं का बोला. हिशोबाची एक्सेल फाईल लिब्रे ऑफिसमध्ये उघडली, फक्त पाच-सहा वर्षांपूर्वीच्या नोंदी जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या त्या सगळ्या गिचमिड दिसतात. चोपड्याच्या भाऊंना माहीत असेल तर सांगा, युनिकोडमध्ये कसं करायचं.

महिन्याचं बिल अजून यायचंय. मीटरची वही मात्र रोज लिहितोय, पोराचा अंदाज की महिन्याला पंचवीस-तीस युनिट कमी होतील. दुकानदाराकडे एसएसडीची केबल आणायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, काका मग नवीन कधी घेताय. म्हटलं, बघू.

सोनारभाऊंचं वाचून माळ्यावर चढलो होतो. तिथे वडिलांच्या वेळचा सतरा इंची डबडा मॉनिटर, दोन मेलेले माऊस, एक फुगलेली मोबाईलची बॅटरी (ती खाली आणून लगेच घराबाहेर, सावलीत, वाळूच्या डब्यात ठेवलीय), आणि एक डायल-अप मोडेम निघाला. गल्लीत सांगितलं तर तीन घरांतून अजून सामान निघतंय. भुसावळ, वरणगाव, फेकरी या बाजूचं कोणी असेल तर मेसेज करा, पोतं भरलं की एकदमच गाडी बोलावू. तो मॉनिटर एकट्याने उतरवायच्या नादात कंबर धरलीय, तो तेवढा उचलायला एक तरणा माणूस पाहिजे.